नऊ वाजताची गोळी

साडेअकराला दवाखान्यात पोचायचं होतं आणि पावणेनऊला नवऱ्याने वही उघडली.

वही त्यानेच बांधलेली होती. तो एका छापखान्यात बाइंडर होता. बायकोला आतड्याचा कॅन्सर निघाला त्या आठवड्यात त्याने जाड कागदाची, दोऱ्याने शिवलेली वही आणून दिली आणि तिने पट्टीने रकाने आखले: तारीख, औषध, वेळ, कोणी दिलं, शेरा. रकाने आखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपिंग स्टेशनवर ती एकोणीस वर्षं पाळीप्रमुख होती. तिथे दर तासाला पाण्याचा दाब, टाकीची पातळी आणि विजेचा भार वहीत लिहायचा आणि पुढे सही करायची, असा नियम. स्टेशनवरची माणसं तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे मीटरबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं.

दोन आठवड्यांपूर्वी कॅन्सरच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं तेव्हा वजन चव्वेचाळीस पूर्णांक दोन भरलं होतं. ऑपरेशनच्या आधी ते छप्पन होतं. त्या दिवशीचा केमोचा डोस त्यांनी दिला, पण बजावलं, "चव्वेचाळीसच्या खाली गेलात तर पुढचा डोस मला थांबवावा लागेल. अंगाला पेलणार नाही." मग तिच्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "जेवण नाही, झोप नाही, कुणाशी बोलणं नाही. हे सगळं केमोच्या माथी मारून चालणार नाही. शेजारच्या दाराने आत जाऊन या."

शेजारच्या दारामागे मनाच्या डॉक्टर बसत. वयाने तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी पाऊण तास विचारपूस केली आणि एक छोटी पिवळी गोळी लिहून दिली. रात्री नऊ वाजता. पहिला आठवडा अर्धी, मग अख्खी. "झोप लागेल, भूक लागायला लागेल. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला सुस्ती येईल, तोंड कोरडं पडेल. त्रास झाला तर मला सांगा, परस्पर बंद करू नका."

परत निघताना त्यांनी नवऱ्यासमोरच विचारलं होतं, "जगू नये, असं कधी वाटतं का?"

"छे हो," ती म्हणाली होती. "मला वेळ कुठाय?" आणि तिघंही हसली होती.

आज त्याला चौदा रात्री झाल्या होत्या. सकाळी घरच्या काट्यावर त्रेचाळीस पूर्णांक चार. ती आंघोळीला गेल्यावर, डॉक्टरांना वही दाखवण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून तो खिडकीपाशी बसला.

दिवसाची औषधं तो छापखान्यातून घरी येऊन-जाऊन देत असे. त्याच्या नोंदी ८.१०, ७.५५, २.२०, १.४० अशा वेड्यावाकड्या. तापाच्या नोंदी तिच्या अक्षरात: ६.४०, ६.५२. रात्रीची गोळी तिने स्वतःकडे घेतली होती. तो पहाटे उठून छापखाना उघडायचा, साडेआठलाच आडवा व्हायचा. "नऊची पाळी माझी. तुम्ही झोपा," ती म्हणाली होती.

त्याने बोट खाली सरकवलं. ९.००. ९.००. ९.००. चौदा ओळी, चौदा वेळा ९.००, शेऱ्यात चौदा वेळा 'ठीक'.

त्याचं बोट तिथेच राहिलं.

स्टेशनवरच्या एका ऑपरेटरची गोष्ट त्याने लग्नकार्यांत, बारशांत, प्रवासात मिळून निदान चाळीसदा ऐकली असेल. तो गडी पाळी सुरू होतानाच आठही तासांची रीडिंग लिहून मोकळा व्हायचा. नव्या पाळीप्रमुख बाईने आल्या दिवशी वही हातात घेतली आणि मिनिटभरात त्याला समोर बोलावलं. "चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन. अरे, पंप आहे की भिंतीवरचं चित्र?" त्याची बदली झाली. गोष्ट संपवताना ती हटकून सांगायची, की खरं रीडिंग कधी इतकं सुबक येत नाही.

त्याने औषधांचा खण उघडला. गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या होत्या, एक उरलेलं अर्धुक तेवढं होतं. हिशेब तंतोतंत.

आतून तांब्याचा आवाज येत होता. हल्ली ती स्टुलावर बसून आंघोळ करायची, वीस मिनिटं तरी लागायची. त्यातली सात-आठ गेली होती.

गोळ्या घेतल्या नसतील तर गेल्या कुठे? बेसिनमध्ये टाकल्या नसणार, याची त्याला खात्री होती. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंनी एकदा खोकल्याचं जुनं औषध मोरीत ओतलं, तेव्हा हिने जिन्यातून आवाज चढवला होता, "वहिनी, ते फिरून शेवटी माझ्याच टाकीत येतं!" केराची बादली तो स्वतः रिकामी करायचा. म्हणजे गोळ्या घरातच होत्या.

त्याने तिची पर्स बघितली, शिवणाचा डबा बघितला, कपाटात साड्यांच्या घड्यांखाली हात घातला. स्वतःच्याच घरात चोरासारखा. मग त्याची नजर पाना-पक्कड ठेवायच्या फळीवर गेली. नळांचे रबरी वॉशर ठेवायचा पत्र्याचा गोल डबा. घरातले नळ तीच दुरुस्त करायची. त्या डब्याला दुसरं कोणी हात लावत नसे. झाकण घट्ट होतं, नख लावून उघडावं लागलं.

काळ्या वॉशरांवर कागद घातलेला आणि कागदावर पिवळ्या गोळ्या. सात अर्धुकं, सात अख्ख्या.

तो फळीला टेकून खाली बसला. गोळी चुकवणं वेगळं आणि साठवणं वेगळं. माणसं गोळ्या कशासाठी साठवतात, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आत तांब्याचा आवाज थांबला. त्याने झाकण लावलं आणि डबा सदऱ्याच्या खिशात घातला.

"अहो, टॉवेल!" ती आतून म्हणाली.

त्याने दाराच्या फटीतून टॉवेल दिला. म्हणाला, "टॅक्सी सव्वादहाला सांगितलीय."

"मग आत्तापासून मला घाई करू नका."

नेहमीसारखंच बोलली. तेच त्याला जास्त लागलं.

जिना उतरताना डबा वाजायला लागला. पायरीगणिक खुळखुळ. त्याने हात खिशावर दाबला, पण बायकोला आधार द्यायचा तर तो हात काढावा लागत होता. खाली जाऊबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊजी, खिशात काय खुळखुळा घेऊन निघालात? बारसं आहे की काय कुणाचं?"

"वॉशर आहेत. नळाचे."

"दवाखान्यात नळ दुरुस्त करणार?" त्या हसल्या. मग धाकट्या जावेकडे वळून आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि तू त्या मनाच्या गोळ्या जपून घे हं. माझ्या मामेबहिणीला सवयच लागली."

कठडा धरून बायको दोन पायऱ्या वर थांबली होती आणि नवऱ्याच्या खिशाकडे बघत होती. डब्याचा आवाज ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेल्या पायऱ्या त्याचा हात न धरता उतरली.

टॅक्सीत ड्रायव्हर एकटाच बोलत होता. त्याच्या गल्लीत तीन दिवस पाणी करंगळीएवढं येत होतं. "ते पाण्याचे लोक झोपा काढतात साहेब." एरवी तिने त्याला व्हॉल्व्ह, गळती आणि वीज या विषयांवर उतरेपर्यंत सुनावलं असतं. आज ती काचेतून बाहेर बघत बसली. गाडी खड्ड्यात गेली की खिसा वाजायचा, आणि दर वेळी दोघांची मान एकदमच ताठ व्हायची.

दवाखान्याच्या काट्यावर त्रेचाळीस पूर्णांक तीन. नर्सने तिला चपला काढून पुन्हा उभं केलं. तेवढंच.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. "आज डोस नाही. एक आठवडा थांबू. पण बाई, असे आठवडे मी किती देऊ शकेन सांगता येत नाही. आठ डोस ठरलेत, पाच झालेत. तीन शिल्लक आहेत आणि ते वेळेत जायला हवेत. शेजारी जाऊन या."

शेजारच्या दाराबाहेर लोखंडी बाक होता. त्यांच्या आधी एक जण आत होता. दोघं बसली, मध्ये हातभर जागा सोडून.

"कुठे सापडला?" तिनेच विचारलं.

"फळीवर."

"आधी वही बघितलीत?"

"नऊ, नऊ, नऊ."

तिने ओठ मुडपले. "गाढवपणा झाला. अधूनमधून नऊ-सात, नऊ-बारा टाकायला हवं होतं."

"थट्टा नको." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला एवढंच सांग. साठवल्यास कशाला?"

"टाकणार कुठे? मोरीत?"

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. पाण्यात टाकवेना, केर तुम्ही बघता. म्हणून डब्यात." ती थांबली. समोरून एक ढकलगाडी गेली. तिचं एक चाक करकरत होतं. "त्यासाठी ठेवल्या नव्हत्या. पण परवा मंगळवारी दुपारी तुम्ही छापखान्यात होतात, तेव्हा डबा काढला आणि मोजल्या."

"मोजल्या?"

"मोजून परत ठेवल्या. झाकण घट्ट लावलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बराच वेळ लागलं नाही झाकण."

मंगळवारी दुपारी तो एका शाळेच्या हजेरीपुस्तकांचे पुठ्ठे कापत होता. चारला त्याने फोन केला होता आणि ती म्हणाली होती, 'सगळं ठीक'.

"आत सांगशील हे?"

तिने पदराचं टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"माझी तक्रार करणार तुम्ही?"

"हो."

सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याबद्दल कुणाकडे एक शब्द काढला नव्हता, आईकडेही नाही. दोघांनाही ते आठवलं असावं. दार उघडलं, आधीचा माणूस बाहेर आला आणि नर्सने तिचा नंबर पुकारला.

डॉक्टरांनी वही घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला. "इतकी स्वच्छ वही माझ्याकडे कोणी आणत नाही. चौदा दिवस, एकही खाडा नाही." पान उलटून त्यांनी पुन्हा मागे आणलं. "झोप?"

"दोन तास. फार तर तीन."

"भूक?"

"नाही."

"तोंड कोरडं पडतं? सकाळी सुस्ती?"

"नाही."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "अख्खी गोळी सुरू होऊन आठवडा झाला आणि सुस्तीसुद्धा नाही. आणि वजनही खालीच चाललंय." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुम्हाला हा डोस पुरत नाहीये. आजपासून दुप्पट करू."

पेन कागदावर टेकलं. नवरा बायकोकडे बघत राहिला. तिची मान खाली होती. औषधाचं नाव लिहून झालं. त्याचा हात खिशाकडे गेला, तोंड उघडलं.

"लिहू नका," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"वही द्या इकडे. आणि पेन."

पेन हातात आल्यावर तिने वही स्वतःकडे फिरवली आणि पट्टी शोधावी तसं टेबलावर पाहिलं. पट्टी नव्हती. "आमच्याकडे खोडायची पद्धत नाही," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची."

पहिल्या ९.०० वर तिने रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'घेतली नाही.' सही केली. मग दुसरा. मग तिसरा. सलाइनमुळे उजव्या हाताच्या शिरा दुखायच्या, त्यामुळे पाचव्या सहीला अक्षर फाटलं. ती थांबली, बोटं झटकली आणि सहावी केली. नवऱ्याने डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. चौदावी सही झाल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं. त्या पानाकडे तिला बघवत नव्हतं, हे दिसत होतं.

डॉक्टरांनी आधी हातातला कागद फाडला. मग विचारलं, "का नाही घेतल्या?"

"आमच्या स्टेशनवर एकाने भोंग्यात चिंध्यांचा बोळा कोंबला होता." तिचा आवाज स्टेशनवरचा झाला, सपाट. "पातळी कमी झाली की भोंगा वाजतो. त्याला त्रास व्हायचा. बोळा घातला आणि चहा प्यायला गेला. टाकी रिकामी झाली, पंप कोरडा फिरून जळला. चार दिवस शहराला पाणी नव्हतं. माझ्या आत जे वाजतंय ना डॉक्टर, ते उगाच नाही वाजत. कॅन्सर आहे मला. खोटी भीती नाहीये ही. आणि तुम्ही मला बोळा लिहून देताय."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्या पाळीत भोंगा वाजला, तर तुम्ही आधी काय करायचात?"

"बटण दाबायचं. भोंगा बंद."

"बंद?"

"मग? त्या कोकलण्यात शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, काम काय करणार? भोंगा बंद करायचा, लाल दिवा चालूच राहतो. बिघाड काढेपर्यंत तो दिवा काही..."

ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याने तिला वाक्य अर्धवट सोडताना क्वचितच पाहिलं होतं.

"तुमचा किती दिवस वाजतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऑपरेशनपासून. पाच महिने." मग जरा वेळाने, "रात्रंदिवस."

"या गोळीने कॅन्सर आहे हे विसरायला होत नाही. तसं कुणाला झालेलं मी तरी पाहिलेलं नाही."

"आणि मला तो बोळाच वाटला तर?"

"तर शेऱ्यात लिहा. बदलू. पण घेऊन लिहा."

ती डब्याकडे बघत राहिली. "अजून एक नोंद राहिलीय," ती म्हणाली. "मंगळवारची."

डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर त्याने भिंतीवरच्या घड्याळात बत्तीस मिनिटं मोजली. आतून आवाज येत नव्हता. एकदा वाटलं, ती रडतेय. एकदा वाटलं, हसतेय. पुन्हा आत बोलावलं तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि डबा डॉक्टरांच्या खणात गेला होता. वॉशर तेवढे कागदाच्या पुडीत बांधून ठेवले होते. ठरलं ते असं: गोळी पुन्हा अर्ध्यापासून. औषधं सगळी नवऱ्याच्या ताब्यात, कुलपात. एका वेळी सातच दिवसांची मिळतील. पुढच्या गुरुवारपर्यंत तिने घरात एकटं राहायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दोन फोन नंबर लिहिले, एक दिवसाचा, एक रात्रीचा. "मंगळवारसारखी दुपार आली तर मोजत बसायचं नाही. आधी यांना सांगायचं, मग मला. लगेच."

"आणि त्या वेळी बोलवेनासं झालं तर?" तिने विचारलं. विचारताना ती नवऱ्याकडे बघत होती.

"तर नुसती वही माझ्यापुढे टाक," तो म्हणाला. "मी समजेन."

त्याने छापखान्यात फोन करून आठवड्याची रजा मागितली. मालक कुरकुरला, याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तो साडेआठला झोपला नाही. नऊला त्याने खिशातल्या किल्लीने खण उघडला आणि सुरीने गोळी अर्धी केली. अर्धुक तिच्या तळहातावर ठेवलं. ती त्याकडे बघत बसली. नऊ पाच झाले. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. नऊ दहा झाले.

"घाई करू नका," ती म्हणाली.

"मी काही बोललो?"

"श्वास केवढा जोरात घेताय."

तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला. मग आ वासला. "बघा. जिभेखाली पण बघा."

ती थट्टा करत होती, पण त्याने खरंच बॅटरी आणली आणि बघितलं. जीभ पांढरी पडलेली होती, कडेला केमोचे फोड होते. गोळी नव्हती.

"एकोणीस वर्षांत माझ्यावर कोणी पाळीप्रमुख नव्हता," ती तोंड मिटत म्हणाली.

"आता आहे. लिही."

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, ९.१७. 'कोणी दिलं' पुढे त्याने सही केली. शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं. 'ठीक' लिहायला दोन अक्षरं पुरली असती. तिने लिहिलं, 'भीती वाटते.'

पहाटे नेहमीच्या सवयीने त्याला जाग आली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्या आधी उठून खिडकीपाशी बसलेली नव्हती. कुशीवर होती, तोंड थोडं उघडं. अजिबात हलत नव्हती. तो पलंगाच्या कडेला उभा राहिला, मग खाली वाकला, मग तिच्या नाकासमोर हाताची पाठ धरली. हात तसाच धरून त्याने पाच-सहा वेळा खात्री केली.

मग पाय न वाजवता तो वहीकडे गेला आणि तिच्या शेऱ्याखाली, मावेल तसं, बारीक अक्षरात लिहिलं: 'पहाटे ५.३५. झोपली आहे. श्वास बघितला, चालू आहे.' पुढे सही केली.